जिथं होतं, तिथून

डोन्या एर्मेलिंदा तिहेरिनो यांनी एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचं घर पाहिलं नव्हतं. मानाग्वात रस्त्यांना नावं नाहीत, पत्ते जवळच्या खुणेवरून सांगतात, आणि तळ्याकडे म्हणजे उत्तरेकडे. इथं आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणाऱ्या कंपनीत त्या टेलिफोनपाशी बसत. समोर लाकडी खणांत चारशे बारा कार्डं, डाव्या हाताला कॉफी, आणि एक पेन्सिल, जी कानामागे असतानाही त्या टेबलावर शोधत. फोन आला की त्या डोळे मिटून पत्ता ऐकायच्या आणि ड्रायव्हरला सांगायच्या, "मिरामार सिनेमा होता तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, मग तीस पावलं उगवतीकडे, निळं दार. कुत्रा असेल, त्याच्याकडे बघू नकोस." मिरामार सिनेमा बहात्तरच्या भूकंपात जमीनदोस्त झाला होता, ड्रायव्हरचा तेव्हा जन्मही नव्हता. पण सिलिंडर निळ्या दारातच पोचायचा.

आता डोन्या साठीला पोचल्या, गुडघ्यांनी बंड पुकारलं. त्या शुक्रवारी निवृत्त होणार आणि सोमवारपासून त्यांच्या खुर्चीचं काम कॉम्प्युटर करणार, असं मालकांनी ठरवलं. गिऱ्हाइकांची सगळी माहिती नव्या सिस्टिममध्ये हलवायला यादिरा ओब्रेगोन नावाची बाई नेमली होती. चाळिशीची, अबोल, अकरा कचेऱ्यांचा डेटा एकही नोंद न हरवता हलवलेली. लोकांना वाटतं माहिती हलवणं म्हणजे बटण दाबणं. यादिराने पहिले दोन महिने बटणाला हातही लावला नाही. तिने कार्डं मोजली, एकाच माणसाची दोन कार्डं शोधली, कुठली माहिती कुठल्या रकान्यात जाईल त्याचा तक्ता भिंतीवर लावला. वारलेल्या लोकांची कार्डं वेगळी काढताना डोन्या प्रत्येकाचं नाव हळूच उच्चारत, तेव्हा ती थांबायची. सगळं कसं जिथल्या तिथं होतं.

एकच गोष्ट चुकली, आणि ती आमच्याच गावातल्या माणसाकडून चुकावी अशी होती. पत्त्याचा रकाना लहान. तीनशे सोळा पत्त्यांमध्ये तेच तेच शब्द यायचे: अमुक होतं तिथून, तमुक होतं तिथून. यादिराने एका फटक्यात सगळ्या पत्त्यांमधलं ते "होतं" काढून टाकलं. आपण काही काढलं असं तिला वाटलंही नाही. जन्मल्यापासून रोज ऐकलेले शब्द, ते ऐकू येणंच बंद झालेलं असतं. बाहेरगावच्या माणसाने निदान विचारलं असतं, की बाई, होतं म्हणजे आता नाही का?

मंगळवारी सकाळी रंगीत तालीम ठेवली. कार्डांचे खण बंद, डोन्यांना गप्प बसायची ताकीद, आणि दामासो ड्रायव्हर, यादी सांगेल तिथंच जायचं या अटीवर, कॉम्प्युटरने छापलेली यादी घेऊन निघाला. पावणेदहाला त्याचा फोन आला.

"इंजिनिअरबाई, ला कोंचा फार्मसीपासून तीन गल्ल्या तळ्याकडे आलोय. इथं टायरवाला आहे. अबेलिनो मास्तर टायर विकायला लागले का?"

ती फार्मसी आठ वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. मास्तरांचा पत्ता जुन्या जागेपासूनचा. आणि मास्तरांचा सिलिंडर साडेदहापर्यंत पुरणार होता. यादिराने यादी पाहिली, नकाशा पाहिला, पुन्हा यादी पाहिली. समोर डोन्या तोंडावर बोट ठेवून बसलेल्या, शाळेतल्या शहाण्या मुलीसारख्या.

"बोलू का?" त्यांनी विचारलं.

"बोला, डोन्या. बोला."

"दामासो, गाडी वळव. फार्मसी होती तिथं आता चर्चचं पत्र्याचं छप्पर आहे. तिथून तीन गल्ल्या तळ्याकडे, आंब्याखाली. आणि वाटेत कुणाशी गप्पा ठोकत बसलास तर तुझ्या आईला फोन करीन."

दामासो दहा वीसला पोचला. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला, की मास्तर ठीक आहेत आणि विचारतायत, आज डोन्यांना बरं नाही का.

यादिरा बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिला रडू आलं नाही, भीती वाटली. सोमवारी ही बाई इथं नसेल. सोमवारी अशी किती माणसं आंब्याखाली वाट बघत बसतील? खुणांपैकी एकसष्ट दुसरीकडे उठून गेलेल्या, बाकीच्या पृथ्वीवर कुठंच नाहीत. त्या फक्त एका साठीच्या बाईच्या मिटल्या डोळ्यांमागे होत्या. ती उठली, आत आली आणि भिंतीवरचा तक्ता काढला.

"डोन्या, आपल्याकडे तीन दिवस आहेत. तुम्ही गाडीत बसायचं. प्रत्येक दारासमोर मी फोनमधल्या नकाशावर ती जागा टिपून घेईन."

"मी? अगं, मी फोनवरची बाई. मला रस्त्यावर काय कळतंय?"

"तुम्हाला नाही कळलं तर कुणाला कळणार?"

डोन्यांनी पेन्सिल शोधली, कानामागे सापडली. "दुपारी विगोरॉन खायला घालशील? पानावर, भरपूर कोबी घातलेलं? मग येते."

बुधवारी सकाळी दामासोने त्यांना हात धरून गाडीत चढवलं. यादिराला मनातून धाकधूक होती, की कानाने शिकलेलं गाव डोळ्यांना कसं सापडणार. डोन्या पुढच्या सीटवर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"झोपताय का काय?" दामासो म्हणाला.

"उघडे ठेवले की गोंधळ होतो. चल सरळ. हा बर्फाचा कारखाना. आता शिंप्याची ओळ. आता डावीकडे, कोपऱ्यावर दात काढणारा डॉक्टर, त्याच्यापुढं हळू चालव, लहान मुलं पळत असतात."

कोपऱ्यावर नुसतं गवत होतं. दामासोने तरीही गाडी हळू केली. गवत संपलं, भिंत आली, आणि भिंतीत कार्डावर लिहिलेलं हिरवं दार. यादिराने जागा टिपली. मग दुसरी, मग चाळिसावी. दुपारी विगोरॉन खाताना तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून एकदाही गाडी मागे घ्यावी लागली नव्हती. अकरा कचेऱ्यांत तिने मोठमोठी यंत्रं पाहिली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं. एक अख्खं पडलेलं शहर ही बाई पर्सबरोबर मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्यातली एक वीटही तिने खाली पडू दिली नव्हती. यादिराने आपल्या पानातला कोबी डोन्यांच्या पानात वाढला, दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

दोन रात्री जागून तिने सिस्टिममध्ये नवा रकाना तयार केला आणि त्याला नाव दिलं, "जिथं होतं". काढून टाकलेले शब्द एकेका कार्डावरून पुन्हा भरले.

शुक्रवारी संध्याकाळी एकच कार्ड उरलं. रोसिबेल मेना, वय ब्याऐंशी. डोन्यांनी ते तीनही दिवस खाली सारलं होतं. दामासोने पत्ता वाचला, "तिहेरिनोंचं घर होतं तिथून पन्नास पावलं तळ्याकडे." तिहेरिनो हे तर डोन्यांचंच आडनाव; त्याने आरशातून यादिराकडे पाहिलं. यादिराने हे कार्ड चार वेळा हाताळलं होतं. गावात तिहेरिनो काही एकच नाहीत, असं ती समजून चालली होती.

"इथं थांब," डोन्या म्हणाल्या. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी वाटेत डोळे उघडले.

गवत, दोन दगडी पायऱ्या, बाकी काही नाही. त्या गाडीतून उतरल्या.

"भूकंपाच्या रात्री मी आत्याकडे झोपायला गेले होते. आई, बाबा, दोघं भाऊ आत होते. त्यानंतर मी इकडे आले नाही."

"आणि दर आठवड्याला फोनवर हा पत्ता सांगत होतात?" यादिराने विचारलं.

"नऊ वर्षं, दर मंगळवारी. रोसिबेल आमच्या शेजारची. ती फोनवर म्हणाली, तिहेरिनोंचं घर होतं तिथून, आणि मी लिहून घेतलं. तिला सांगितलं नाही मी कोण ते. घर नाही, माणसं नाहीत, पण पत्ता चालू आहे, हे काय कमी आहे?"

त्या तळ्याकडे चालू लागल्या, मोजत. यादिरा मागोमाग. डोन्यांचे गुडघे दुखत होते, पाऊल वीतभर पडत होतं. रोसिबेलच्या दारात पोचेपर्यंत एकाहत्तर झाली.

यादिराने फोन काढला. "एकाहत्तर करू का? दुरुस्त करून ठेवते."

"नको, पन्नासच ठेव," डोन्या म्हणाल्या. "आमच्या घरी वीज आली तेव्हा रोसिबेलच्या दारापासून तार किती लागेल म्हणून बाबांनी मोजली होती. ती त्यांची पावलं आहेत."

यादिराने जागा टिपली. मग "जिथं होतं" या रकान्यात तिहेरिनोंचं घर लिहिलं, शेजारी पन्नास लिहिलं, आणि ते डोन्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

सोमवारी कार्डं कपाटात गेली आणि सिस्टिम सुरू झाली. अबेलिनो मास्तरांचा सिलिंडर वेळेच्या आधी पोचला. मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी डोन्यांच्या जुन्या टेबलावरचा फोन वाजला. यादिराने उचलला.

"रोसिबेलचा पोचला का?"

"आत्ताच पोचला, डोन्या. दामासोने दारातून कळवलंय."

"किती पावलं वाचली त्यानं?"

"पन्नास."

"पन्नास," पलीकडून डोन्या म्हणाल्या. यादिराने फोन कानाला तसाच धरून ठेवला.