विदिशाच्या जोडीदाराला कळवायचं राहिलं

फसवणुकीचे मेसेज कसे ओळखावेत यावर आमच्या ऑफिसात एक व्याख्यान झालं. ते मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं, इथेच चुकलं. आठवड्याभरातच मला एक मेल आला. ऑनलाइन कॅरमच्या कंपनीत कोणीतरी घुसून ग्राहकांची माहिती चोरली आहे; तुमचं नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर बाहेर गेला असण्याची शक्यता आहे; सगळ्यांना लॉगआउट केलंय, खालच्या लिंकवरून नवा पासवर्ड करा. मी तो तत्काळ पुसला आणि "फ्रॉड आहे, कोणी हात लावू नका" असं घरच्या ग्रुपवर लाल खुणांसकट टाकूनही दिलं. लगेच अंगठे आले. मी धन्य झालो.

दुसऱ्या दिवशी आमच्या शहरातल्याच अयोध्या नगरहून वहिनींचा फोन. "भाऊजी, कॅरम उघडत नाहीये हो."

मेल खरा होता. खातं दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. कारखान्यातून रिटायर झाल्यावर मीच त्याला ते टॅबवर काढून दिलं होतं, आणि त्याला ईमेल नव्हता म्हणून माझा घातला होता. दादा मागच्या हिवाळ्यात गेला. खातं मात्र चालू राहिलं, कारण दुपारची कामं आटोपली की वहिनी त्याच्या नावाने खेळत. विदिशा गावचे एक रिटायर्ड गृहस्थ दादाचे खेळातले कायमचे जोडीदार. दोघं मिळून परक्या जोड्यांना हरवायचे. ते रोज 'राम राम पार्टनर' लिहीत, वहिनी 'राम राम' लिहीत. एवढंच बोलणं. जगात तेवढ्या एका ठिकाणी दादा अजून होता, आणि वहिनींना ते पुरत होतं.

कंपनीला फोन लावला. नवी लिंक मिळणार नाही, चोरीनंतर कोड फक्त नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. तो नंबर दादाच्या मागे मीच धावपळ करून बंद केला होता. कर्तबगारी म्हणतात ती ही.

"खातेदार से बात करवाइए," पलीकडची मुलगी म्हणाली.

"वो नहीं रहे."

तेव्हा ती फारच नम्रपणे म्हणाली की असं असेल तर खातं बंद करावं लागेल, आणि तारीख विचारली. जन्मतारीख चोराकडे गेलीच होती. दुसरी तेवढी मी दिली.

रविवारी आम्ही नवरा-बायको वहिनींकडे गेलो. नवं खातं काढून देतो म्हणालो.

"माझ्या नावाने खेळून काय करू? मला कुठे कॅरमची हौस आहे?" मग म्हणाल्या, "ते विदिशाचे वाट बघत असतील. कळवायला हवं त्यांना."

दादा गेला तेव्हा कळवायचं काम माझ्याकडे होतं. कोणी राहिलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, म्हणून अकोल्याच्या चुलत-चुलत्यांपर्यंत मी कोणाला सोडलं नव्हतं. हा एक माणूस राहिला होता.

"मी खेळत होते हे नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "त्यांना वाटू दे, ह्यांच्याशीच खेळलो."

मी फोनवर माझ्या नावाने खातं काढलं, त्यांना शोधलं आणि लिहिलं, 'आपके पार्टनर नहीं रहे. मैं उनका छोटा भाई.'

तिकडून आलं, 'अभी पिछले हफ़्ते तो खेले थे.' आणि लगोलग, 'तेरहवीं कब है? मैं आऊँगा.'

मी वहिनींकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. तेरावं होऊन आंब्यांचा मोसमसुद्धा उलटला होता. थाप मारायला मी तसा बरा आहे, पण तारीख कुठली सांगू?

"लिहा, हो गई," वहिनी म्हणाल्या. "तीन दिवसांतच घरच्या घरी उरकली म्हणावं."

लिहिलं. उत्तर आलं, 'हमें बताया भी नहीं.'

वहिनींनी माझा फोन घेऊन ते दोनदा वाचलं. "बरोबरच आहे त्यांचं," म्हणाल्या. टीव्हीशेजारचा टॅब पदराने पुसून माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा तुम्ही." हिवाळ्यात, दादा गेला तेव्हा, आल्यागेल्याला चहा विचारत फिरलेली ही बाई आत जाऊन जी रडायला लागली, ती माझ्या बायकोलाही आवरेना. मी बाहेर सोफ्यावर बसून विदिशाला लिहायला घेत होतो आणि पुसत होतो.

आम्ही स्कूटरवर कोटऱ्याला घरी निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा बायको मागून म्हणाली, "तुम्हाला तर धड एकही खेळ येत नाही हो. तुमच्यामागे मी काय करायचं?"