लवूच्या खोलीचं उरलेलं आयुष्य

लालबागच्या त्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली कुणा एकाची नव्हती. मालवणकडच्या एका गावाची ती होती. गावातला जो कोणी गिरणीला लागे, त्याची ट्रंक भिंतीवरच्या लांब फळीवर चढे आणि तेवढी फळी त्याची होई. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच चटईवर आडवा होई. चटईला थंड व्हायला वेळ मिळत नसे. लवू गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि खोलीची किल्लीही त्याच्याकडे होती. कुलूप कधी लागत नसे, त्यामुळे हा मोठाच मान होता.

मग संप झाला. दोन-तीन महिन्यांत मिटेल, असं सगळे एकमेकांना सांगत गावी गेले. जाताना ट्रंका मात्र कुणी नेल्या नाहीत. गिरणी चालू झाली की ने-आण नको, हा व्यवहारी विचार. चार वर्षं झाली तरी विचार व्यवहारीच राहिला. लवू एकटा मागे उरला, कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलू लागला आणि रविवारी सगळ्यांच्या ट्रंका फडक्याने पुसू लागला.

मधल्या काळात खोलीने काय काय सोसलं! शेजारच्या रमाबाईचे पापड तिथे वाळले. खालच्या मजल्यावरच्या सुनेचं बाळंतपण तिथे झालं, कारण तिच्या घरात सासरा दम्याने बसून असे. सकाळी बालवाडी, दुपारी शिलाईची मशीन, गणपतीत आरास करणाऱ्यांचा कारखाना. खोलीने कधी तक्रार केली नाही. तिला कुणी विचारलंही नाही.

विचारायचं ठरवलं ते मालकाने. चाळ किती वर्षं टिकेल आणि बदलत्या काळाशी जुळवून घेईल का, हे तपासायला एक इंजिनियर साहेब येणार, असा निरोप आला. दुरुस्ती करायची की खाली करायची, ते त्यांच्या मतावर.

लवूने फळीवरच्या ट्रंकांकडे पाहिलं. खोली गेली तर ट्रंका कुठे ठेवायच्या? आणि ट्रंका नाहीत तर माणसं परत कशाला येतील?

"एकटा माणूस दिसला तर म्हणतील, खोलीची गरजच नाही," तो रमाबाईला म्हणाला.

"मग बोलाव की गाववाल्यांना. फळीवर हक्क सांगताना बरी आठवते त्यांना खोली," रमाबाई पापड उलटत म्हणाली.

गावाला निरोप गेला, खोलीचं काम आहे. देवळात गाऱ्हाणं घालायचं असलं की घरटी एक माणूस हजर राहतो, तसा खोलीच्या कामालाही ट्रंकवाला प्रत्येक जण येतो, अशी पद्धत. आदल्या दिवशी सगळे उतरले. कुणी कोकमं आणली, कुणी फणसाचे गरे. गुणाजी सगळ्यांत थोरला. त्याने आल्या आल्या भिंतीवर थाप मारली.

"लवू, पडतली काय रे ही?"

"पडूक काय झाला तिका?" लवू म्हणाला. त्या दिवशी चार वर्षांनी खोली भरली होती आणि लवूला हसू आवरत नव्हतं.

साहेब आले. हातात छोटी हातोडी, पायात चकचकीत बूट. दारात येताच गुणाजीने हुकूम सोडला, "उठा रे. पाव्हण्याक जागा द्या." पाहुणा उभा आणि आपण बसलेले, हे गावाच्या अब्रूला शोभणारं नव्हतं. तीस-पस्तीस माणसं शिस्तीत बाहेर पडली आणि गॅलरीच्या कठड्याला टेकून अदबीने रांगेत उभी राहिली.

साहेब मोकळ्या खोलीत शिरले.

"खोलीचा वापर?"

"राहूक. म्हणजे राहायला," लवू म्हणाला. "शिवाय पापड, बालवाडी, बाळंतपण..."

"एकच सांगा."

"मग राहायला."

साहेबांनी मान डोलावली. वापरात बदल करण्यास वाव नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते गॅलरीत आले. एवढ्या माणसांखाली गॅलरीच्या लाकडाने एक लांब सुस्कारा सोडला. तो रोज संध्याकाळी चाळ दारात बसली की सोडत असे. साहेबांनी तो पहिल्यांदाच ऐकला. ते भिंतीला पाठ लावून, एक एक पाऊल टाकत जिन्यापर्यंत गेले.

"कोकम सरबत तरी घ्या," गुणाजी मागून म्हणाला. सगळी रांग त्यांना निरोप द्यायला जिन्याकडे सरकली. त्यानंतर साहेब धावलेच.

गाववाले परतायच्या आतच निकाल लागला. इमारतीचं आयुष्य संपलेलं आहे, ती बदलांशी जुळवून घेऊ शकत नाही, खाली करावी. तोवर तात्पुरते टेकू द्यावेत.

लवू गाववाल्यांसमोर मान खाली घालून बसला. "मीच बोलावलं तुम्हाला," तो म्हणाला.

"तुझी काय चूक?" गुणाजी म्हणाला. मग तो उठला, फळीवरची आपली ट्रंक त्याने खाली घेतली. "धोक्याच्या जागेत वस्तू कशाक ठेवायची?"

कुणी लवूकडे पाहिलं नाही. गिरणी आता चालू होणार नाही, हे प्रत्येकाला केव्हाच कळलं होतं. ते म्हणायची जबाबदारी कुणाला नको होती. साहेबांनी ती परस्पर उचलली. एकामागून एक ट्रंका उतरल्या. बोलाबोली नाही, भांडण नाही. कोकमं तेवढी लवूसाठी ठेवून गेले.

चाळ अर्थातच पडली नाही. माणसंही हलली नाहीत. खोलीच्या मधोमध आलेला तात्पुरता टेकू अठरा वर्षं उभा राहिला. रमाबाईने त्याला दोरी बांधून पापडाची कापडं वाळत घातली. बालवाडीच्या पोरांनी त्याच्याभोवती शिवाशिवी खेळून तो गुळगुळीत केला. पुन्हा कधीतरी दुसरे साहेब आले. टेकू उत्तम अवस्थेत आहे, असं म्हणून गेले.

लवू म्हातारा झाला तिथेच. अख्खी फळी आता त्याची होती. "पसर की जरा," रमाबाई म्हणे, "भांडी ठेव, देव मांड."

"बघू," लवू म्हणे.

रविवारी तो अख्खी फळी टोकापासून टोकापर्यंत पुशी आणि आपली ट्रंक उचलून पुन्हा होती तिथेच, कोपऱ्यातल्या आपल्या हातभर जागेत, नीट सरळ ठेवी.