मिठाच्या दुकानावरची पाटी

इतकी वर्षं लोटली, तरी तो मिठाचा गुन्हा माझ्या डोक्यातून जात नाही. लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या हकिगती विचारतात आणि मी त्या सांगतोही. पण माणूस एखादी वस्तू का विकत घेतो, हे मला कळलं ते एका मिठाच्या गोणीमुळे.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी वसईला फौजदार होतो. कापड, रॉकेल, साखर सगळं रेशनवर. लोकांना इतकी सवय झाली होती की रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची आहे ते मागाहून विचारायचं. मिठाची मात्र ददात नव्हती. गावाबाहेर पडलं की खाडीच्या कडेने मिठागरंच मिठागरं. त्यामुळे बाजारातल्या एका दुकानापुढे मिठासाठी रांग लागलीय, असं हवालदार म्हणाले तेव्हा मला हसू आलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी ते दुकानदार शेठ फिर्याद घेऊन आले. एका कोळणीने भर बाजारात दुकानातली गोणी ओढून नेली, असं त्यांचं म्हणणं. मी फिर्याद नोंदवली. दुपारच्या आत आमच्या खबऱ्याने बातमी आणली की गोणी पाचूबंदरला, धक्क्यामागच्या एका घरात आहे.

हवालदार आणि दोन पंच घेऊन गेलो. लपवाछपवी काही नव्हती. ओटीवर चटया अंथरून चिरलेली मुशी आणि सुरमई पसरलेली होती आणि कडेला तोंड सोडलेली गोणी. बाई विधवा. सकाळच्या लिलावात मासळी घ्यायची, खारवून वाळवायची आणि पावसाळाभर विकायची, यावर तिचं घर चालायचं. त्या दिवशी तिने सगळी पुंजी मासळीत घातली होती. गोणी तिनेच आणल्याचं तिने लगेच कबूल केलं. पंचनामा झाला. हवालदारांनी गोणी उचलली, तशी ती आडवी आली.

"साहेब, मना न्या. मीठ ठेवा."

चोरीचा माल जागेवर सोडता येत नाही. मी दोन्ही ठाण्यावर आणलं.

जबाबात ती म्हणाली की मिठासाठी राखलेले पैसे गल्ल्यावर ठेवूनच गोणी ओढली. शेठनी हे मला सांगितलं नव्हतं. मिठागरावर का गेली नाहीस, असं विचारलं. गेली होती, पण बाजारातली रांग ऐकून मिठागरवाल्यांनीही हात आखडता घेतला होता. शेजाऱ्यांकडे मागितलं नाहीस का? दारोदार हिंडली होती. सगळ्यांनी घरापुरतंच आहे म्हणून सांगितलं. मग ती रांगेत उभी राहिली आणि तिला पायलीभर मीठ मिळालं. तेवढ्या मिठात तिची एक चटईभर मासळीसुद्धा खारवून होणार नव्हती.

"आन मागं गोनींची थप्पी लागलेली, साहेब. मी डोल्यांनी बगितली."

हे ऐकून मी उठलो आणि दुकानावर गेलो. दाराशी पाटी होती: 'मीठ माणशी एकच पायली'. मागच्या खोलीत छतापर्यंत गोण्या. साठेबाजी म्हणावी तर दुकान उघडं, विक्री चालू, आणि भाव एका पैनेही वाढवलेला नाही. मी शेठना समोर बसवलं. आधी ते कायद्याच्या गोष्टी करू लागले. पैशांची गोष्ट का लपवलीत, असं विचारल्यावर मात्र त्यांचा आवाज खाली आला.

एके दिवशी माल यायला उशीर झाला होता, ते म्हणाले. एकच गोणी उरली होती. सगळ्यांना थोडं थोडं मिळावं म्हणून पाटी लावली. संध्याकाळी गाडी भरून माल आला, पण तोवर रांग लागली होती.

"शेरभर नेणारी बाई पायली घेतल्याशिवाय हलेना, साहेब. मी टंचाई आहे असं एका शब्दानं बोललो नाही. फक्त पाटी काढली नाही."

आणि फिर्याद कशासाठी? एकीला गोणी दिली असती, तर पाटीला कोणी विचारलं नसतं. एवढं मात्र त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

खोटं बोलणारे मी पुष्कळ पकडले आहेत. हा माणूस खोटं बोललाच नव्हता, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला. रागावून उपयोग नव्हता. हवालदार बाहेर जाऊन ओरडले की मीठ भरपूर आहे, घरी जा. एकही माणूस हलला नाही. उलट, पोलीस सांगायला आले म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे, अशी कुजबुज सुरू झाली आणि मागे आणखी चारजण येऊन उभे राहिले.

तेव्हा मी शेठना म्हटलं, सगळ्या गोण्या बाहेर ओट्यावर मांडा, तोंडं उघडा, आणि ती पाटी काढा. हमालांनी थप्पी लावली. रांग नुसती बघत राहिली. मग पुढची बाई पिशवी काखेत मारून मीठ न घेताच चालू लागली, आणि तिच्यामागे बाकीच्या. होळी गावाहून भाजी घेऊन आलेल्या एका माळ्याने तर कालचं मीठ परत घ्याल का, असं विचारलं. तासाभरात ओट्यापुढे कोणी उरलं नाही.

शेठनी गैरसमज झाल्याचं लिहून दिलं, गोणीवरचा हक्क सोडला. पुढे त्या गुन्ह्यात 'सी' समरी मंजूर झाली, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून कोर्टाने तो बंद केला. त्या दिवशी मी पावतीवर गोणी बाईच्या ताब्यात दिली आणि बैलगाडीतून तिच्याबरोबर पाचूबंदरला गेलो. जायची गरज नव्हती, पण मला राहवेना.

अर्ध्या मासळीला वास सुटला होता. ती आता बागायतदारांच्या खतालाच जाणार होती. बाई उरलेल्या तुकड्यांना मीठ चोळायला बसली. एव्हाना बाजारातली बातमी तिथे पोचली होती. शेजारणी एकेक करून येऊ लागल्या. कोणाच्या हातात मिठाने भरलेला तांब्या, कोणाच्या पदरात पायलीभर मीठ. त्याच त्या सकाळच्या शेजारणी. कोणी दुष्ट नव्हत्या. दोघी तर रडत होत्या. बाईने कोणाला परत पाठवलं नाही. ठेव तिथं, एवढंच म्हणायची.

त्यानंतरच्या नोकरीत कुठेही गर्दी झाली की मी अफवा पसरवणाऱ्याला शोधण्याआधी दुकानाच्या दारावर काय लिहिलंय ते पाहत असे. वस्तू हवी असते म्हणून माणूस घेतो, हे अर्धंच खरं. ती शेजाऱ्याला मिळेल आणि आपल्याला मिळणार नाही, ही भीती त्याला जास्त घ्यायला लावते. आणि त्या भीतीने घेतलेल्या वस्तूतली चिमूटसुद्धा त्याच्या हातून सुटत नाही.

त्या दिवशी पाचूबंदरहून निघताना मी बाईला म्हटलं, शेठवर नुकसानीचा दावा करायचा असेल तर मी वकील गाठून देतो. तिने नकारार्थी मान हलवली.

"शेठवर कसला राग, साहेब? तो दुकानदार," ती हात न थांबवता म्हणाली. "माजी मासली कुजत होती, तवा ह्या सगल्यांच्या घरात मीठ होता."