तेलकट पानांचे बांधीव पुस्तक

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्मेवाला आणि चाव्या करून देणारा यांच्या मधोमध, एक पुस्तकबांधणीचे दुकान आहे. मालकाचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास आहे: कागद आणि बायको. बायकोवरचा अधूनमधून डळमळतो. कागदावरचा एकदाच डळमळला, त्याची ही हकीकत.

बाइंडरचे वडील याच दुकानातल्या टेबलाशी चौपन्नाव्या वर्षी गेले. हातात सुई होती आणि एक जाडजूड शब्दकोश ‘म’पर्यंत शिवून झाला होता. उरलेला मुलाने शिवला. त्यामुळे बाइंडरला त्रेपन्नावे सरत आले तेव्हा बायकोने त्याला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेले. रक्तातली चरबी दोनशे बासष्ट निघाली.

“दोनशेच्या खाली हवी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तीन महिने देते. दुपारी काय खाता?”

“दोन बिस्किटं.”

“दोन पुडे,” बायको म्हणाली. “आणि चावीवाला तळलेले बटाटे आणतो ते?”

“ते त्याचे असतात!”

“आणतो तो. खाता तुम्ही.”

ही वार्ता बाइंडरच्या मोठ्या बहिणीपर्यंत पोचायला दीड तास लागला. ताई एका इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. अठ्ठावीस वर्षे त्यांनी रोज तीनशे रुग्णांना उकडलेला भोपळा खाऊ घातला होता. तिथले रुग्ण फार लवकर बरे होऊन घरी जात, अशी त्या इस्पितळाची ख्याती होती.

“चिमण्या,” ताई फोनवर म्हणाल्या. जन्मला तेव्हा तो जेमतेम दीड किलोचा होता, म्हणून चिमण्या. आता चौऱ्याण्णव किलोंचा होता, पण ताईंनी नाव बदलायची गरज मानली नव्हती. “तीन महिन्यांत दोनशेखाली आला नाहीस, तर मी बॅग घेऊन येते. तुझं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात.”

“किती दिवस, ताई?”

“दिवस कसले? कायमची येते.”

फोन ठेवल्यावर बायको शांतपणे म्हणाली, “अहो, भोपळा आला की मी माहेरी जाईन. तुम्ही आणि ताई, दोघं बहीणभाऊ, उकडत बसा.”

आता चरबी कमी करायची तर ती आधी ओळखायला हवी. बायकोने पुड्यांवरचा मजकूर वाचायचे सुचवले. बाइंडरने पुडा डोळ्यांशी नेला आणि ओठ मुडपले.

“सहा पॉइंटाचा टाइप आहे हा. ज्याला खरं सांगायचंय तो इतक्या बारीक अक्षरांत सांगत नाही.”

त्याऐवजी तो कागदाकडे वळला. तेलकट अंगठा पानावर पडला की तिथे खिडकी उघडते आणि पलीकडची ओळ अलीकडे दिसते, हे तीस वर्षे त्याच्या पोटापाण्याचे दुःख होते. आता तेच त्याने कामाला लावले. पातळ पांढऱ्या कागदाचे तळहाताएवढे चौकोन कापले. प्रत्येक पदार्थ दहा मिनिटे कागदावर ठेवायचा, मग कागद दिव्यासमोर धरायचा. चावीवाल्याच्या बटाट्यांतून शब्दकोशाचे अख्खे पान वाचता आले. लोण्याच्या बिस्किटांतून निम्मे आले. दोन्ही त्याच दिवशी हद्दपार झाली.

चष्मेवाल्याच्या वाढदिवसाला बाइंडर शंभर चौकोन घेऊन गेला. केकच्या तुकड्याखाली एक सारला, उचलला, खिडकीकडे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “यातून मला समोरच्या दुकानाची पाटी दिसते. फोन नंबरसकट.” पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या. मग प्रत्येकाला आपापला पदार्थ तपासून हवा झाला. रांग लागली. चष्मेवाल्याची आई तर दातांची कवळी काढून तीसुद्धा तपासायला देऊ लागली. तिला समजावून ती पुन्हा बसवावी लागली.

पद्धत नवी असल्याने एक अन्याय झाला. काकडीच्या चकतीखाली कागद लख्ख पारदर्शक निघाला. बाइंडर हादरला. त्याने काकडी, टोमॅटो आणि कलिंगड एका फटक्यात बंद केले, आणि चार दिवस तो बाजारात भाजीवाल्यांकडे फसवल्या गेलेल्या माणसाच्या नजरेने बघत होता.

“अहो, पाणी आहे ते!” बायको म्हणाली. “वाळू द्या जरा.”

कागद दोरीवर वाळत घातले. सकाळी काकडीची खिडकी बंद झाली होती, बटाट्याची सताड उघडी होती. काकडीला मानाने परत बोलावण्यात आले. महिनाअखेर आकडा दोनशे एक्केचाळीस आला, तेव्हा बाइंडरने डॉक्टरीणबाईंच्या वजनकाट्यावरच गिरकी घेतली. काट्याला ती सोसली नाही. नवा आणून द्यावा लागला.

आणि मग त्याला चीज भेटले.

फ्रिजमधून काढलेला थंडगार, घट्ट चौकोन. दहा मिनिटे कागदावर ठेवला. काही नाही. वीस मिनिटे ठेवला, तरी कागद धुतल्यासारखा कोरा. या फसव्या जगात एक तरी सज्जन सापडला, अशा आनंदाने बाइंडर तो सज्जन सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खाऊ लागला. दुसऱ्या महिन्याअखेर आकडा आला दोनशे पंचावन्न.

“ताईंना कळवू का?” बायकोने विचारले.

“थांब गं!”

आधी त्याने प्रयोगशाळेवर संशय घेतला, मग काकडीवर पुन्हा. शेवटी, फार जड मनाने, कागदावर. दोन दिवस त्याने दुकानात पत्र्याच्या डब्यांना रंग देण्याचे काम केले. कागदाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र एका वकिलाचे ग्रंथ द्यायचे होते. बाइंडरने चिकटवायच्या सरसाचे पातेले शेगडीवर चढवले, शेजारी अस्तराच्या कागदांची चळत रचली आणि सवयीने चीजचा एक चौकोन चळतीवर ठेवला. मग ग्रंथांचे कणे ठोकण्यात विसरला. बायको चहा घेऊन आली तेव्हा चीज शेगडीच्या उबेने मऊ होऊन पसरले होते. त्याने एकेक कागद उचलला. पहिला पारदर्शक. दुसरा पारदर्शक. सातव्या कागदातून बायकोचे तोंड दिसले. ती हसत होती.

“थंड होतं तोवर तोंड मिटून होतं!” बाइंडर ओरडला. “ऊब लागल्यावर सगळं कबूल केलं बघ. आणि पोटात काय बर्फ असतो का माझ्या?”

बायकोने घरून चीजचे वेष्टन आणले आणि चष्मेवाल्याकडून भिंग. दोघांनी डोकी जुळवून वाचले. शंभर ग्रॅममध्ये चरबी, तेहतीस ग्रॅम.

“बारीक अक्षरात का होईना,” बायको म्हणाली, “पहिल्या दिवसापासून सांगत होतं बिचारं.”

तिसरा महिना भिंगाचा होता. किराणा दुकानात बाइंडर एकेक पुडा वाचून खाली ठेवी आणि मागे उभ्या असलेल्या बायका त्याने खाली ठेवलेला पुडा आपल्याही पिशवीतून काढून ठेवत. दुकानदाराने त्याला बसायला स्टूल दिले, ते दाराबाहेर. अक्रोडाचा डाग घेऊन तो डॉक्टरीणबाईंकडे धावला, तेव्हा त्या म्हणाल्या, “कागद फक्त किती ते सांगतो, कुठली ते नाही. अक्रोडातली बरी असते. मूठभर खा. मूठ तुमची नको, बायकोची.”

आणि बाइंडर असल्यामुळे त्याने ते सगळे डाग बांधले. चौसष्ट पाने, चामड्याचा कणा, कण्यावर सोनेरी अक्षरांत ‘खिडक्या’. प्रत्येक पानाखाली पदार्थाचे नाव आणि तारीख. काकडीच्या पानाखाली क्षमायाचना. शेवटचे पान कोरे राहिले होते.

तपासणीच्या दिवशी ताई बॅगेसकट दुकानात हजर झाल्या. निकाल ऐकायला नव्हे, राहायलाच. आठ दिवसांपूर्वी बाइंडरला चौपन्नावे लागले होते. त्याने प्रयोगशाळेचे पाकीट वडिलांच्या टेबलावर ठेवले, पण फोडेना.

“आण इकडे,” ताई म्हणाल्या. पाकीट फाडले. वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. “एकशे सत्त्याण्णव.”

बायकोने किंकाळी फोडली. चावीवाला धावत आला. बाइंडर टेबलाचा काठ धरून खाली बसला आणि इतका हसला की डोळ्यांतून पाणी आले. ते पडून भिजू नयेत म्हणून त्याने कागद बाजूला सारले.

“तीनाने वाचलास, चिमण्या.”

“तीन पुष्कळ झाले, ताई. आता पाहुणी म्हणून राहा, हवे तितके दिवस. स्वयंपाकघर तेवढं आमचं.”

ताईंनी पराभव सन्मानाने स्वीकारला आणि चहा मागितला. चहा होईतो त्यांनी ‘खिडक्या’ काकडीच्या क्षमायाचनेसकट वाचून काढले. चहाबरोबर बॅगेतून प्रवासातला उरलेला खाऊ काढला. तपकिरी पिशवीतली ती लोण्याची बिस्किटे होती. पिशवीच्या कागदातून आतले बसचे तिकीट आसनक्रमांकासह वाचता येत होते.

बाइंडरने भिंग उचलले, परत ठेवले.

“काय बघतोस रे?”

“काही नाही, ताई. एक पान कोरं आहे.”

ताईंनी भावाकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले, आणि अठ्ठावीस वर्षे रुग्णांच्या तक्त्यांवर सह्या ओढलेल्या हाताने एक बिस्किट त्या कोऱ्या पानावर ठेवले. दहा मिनिटे घड्याळ लावून मोजली. मग बिस्किट चावीवाल्याला दिले आणि पानाखाली तारीख घालून ठसठशीत सही केली.

“वाळू दे,” त्या बजावून म्हणाल्या. “पाणीही असू शकतं.”