चंचल बोरसे, स्टाफ

चंचल बोरसे सहा वर्षं गुजरातच्या हॉकी संघात राईट हाफ खेळली आणि सव्विसाव्या वर्षी गुडघ्याने तिला घरी बसवलं. उपांत्य सामन्यात पाय पिरगळला, तेव्हा प्रशिक्षकांनी विचारलं होतं, "खेळशील ना?" ती म्हणाली, "मी ठीक आहे," आणि आणखी वीस मिनिटं खेळली. गुडघ्यातलं जे तुटायचं राहिलं होतं, ते त्या वीस मिनिटांत तुटलं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चाला, जिने चढा, हॉकी विसरा. जिन्यांची सोय होती. बोरसे उधन्याला तिसऱ्या मजल्यावर राहत आणि लिफ्ट नव्हती.

आठ महिन्यांनी तिच्या जुन्या कॉलेजातून क्रीडाशिक्षक प्रभाकर सरांचा फोन आला. मुलींच्या हॉकी संघाला सहायक प्रशिक्षक हवी होती. वडील वाल्मिक पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. त्यांनी बातमी ऐकली आणि विचारलं, "खेळनं नई, ते मंग खेळनी नोकरी कसानी?"

"दुसरासले शिकाडानी, बाबा."

"आनि त्या हारन्यात, ते?"

"ते बोलनं माले खावा लागी."

वाल्मिकना हे लगेच पटलं. मिलमध्ये सुपरवायझरचंही असंच होतं.

पहिल्या दिवशी तिच्या हाती स्टोअरची किल्ली आली. आत तेरा स्टिक होत्या, त्यांतल्या दोन तडकलेल्या, आणि गोलकीपरचं पॅड एकाच पायाचं. दुसरं कुठे गेलं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. प्रशिक्षण म्हणजे बस ठरवणं, डॉक्टरचे दाखले गोळा करणं आणि मैदानावर चुना मारणं, हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मुली मोजून अकरा. त्यांतल्या सात खानदेशी घरांतल्या, म्हणून चंचल मैदानाच्या कडेवरून अहिराणीत ओरडे. समोरच्या संघाला काही कळत नसे. आपली गोलकीपर हिरल, तिलाही कळत नसे. तिच्यासाठी तेच पुन्हा गुजरातीत ओरडावं लागे.

सरावात मात्र चंचलला राहवत नसे. एखादीचा पास चुकला की ही स्टिक घेऊन आत शिरायची, चेंडू काढून घ्यायची आणि थेट गोलपर्यंत न्यायची. महिनाभर सरांनी पाहिलं. मग म्हणाले, "छान खेळतेस. मुली कधी खेळणार?"

दुसऱ्या दिवसापासून ती स्टिक स्टोअरमध्येच ठेवून येऊ लागली. पहिला आठवडा हातांचं काय करायचं ते तिला कळेना.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नवसारीच्या संघाशी एक-एक बरोबरी होती. शेवटच्या सत्रात तेजस्विनी, संघाची सर्वांत चांगली मुलगी, गुडघा धरून खाली बसली. मग उठली, दोन पावलं लंगडली आणि म्हणाली, "मी ठीक आहे, दीदी."

त्या वाक्याची किंमत चंचलइतकी मैदानात कुणालाच माहीत नव्हती. तिने तेजस्विनीला बाहेर बोलावलं. राखीव खेळाडू एकही नव्हती. उरलेल्या दहा जणी तीन-एकने हरल्या.

तपासणीत निघालं, नुसती लचक होती.

"म्हणजे मी खेळू शकले असते," तेजस्विनी म्हणाली.

"हो."

"आपण जिंकलो असतो."

"कदाचित."

"मग बाहेर का काढलं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

तेजस्विनी दहा दिवस सरावाला आली नाही. चंचलने तिला फोन केला नाही. रोज मैदानावर येऊन मात्र ती आधी फाटकाकडे बघे. सरांनी अहवालात लिहिलं, 'निर्णय योग्य'. खाली लिहिलं, 'राखीव खेळाडू शोधणे'.

अकराव्या दिवशी तेजस्विनी आली. नमस्कार नाही, काही नाही. "भेस्तानला माझी मावसबहीण आहे, अमृता," ती म्हणाली. "आपल्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. पळते बरी. पण मावशी पाठवणार नाही."

दोघी संध्याकाळी भेस्तानला गेल्या. मावशी शोभाबाई साड्यांना लेस लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पोरीला लागलं तर?"

"लागेल," चंचल म्हणाली. "लागलं की बाहेर काढेन."

शोभाबाईंनी भाचीकडे पाहिलं. "तुला हिनंच काढलं ना?"

"हो," तेजस्विनी म्हणाली. "उगाच काढलं."

शोभाबाईंनी हातातली साडी बाजूला ठेवली, चंचलला एकदा नीट न्याहाळलं आणि संमतिपत्रावर सहीसाठी पेन मागितलं.