भेग मिटेस्तोवर

आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला कुणी साधं समजू नये. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचा रस्ता दोन वर्षांत मोडतो. म्हणून आम्ही आधी तिच्यात चुना कालवतो, मुरू देतो, मग सिमेंट घालून रोलर फिरवतो. अकोल्याहून पूर्णा नदीच्या अंगाला जाणाऱ्या एका रस्त्यावर मी त्या कामाचा सुपरवायझर होतो. पुस्तकात सगळं मोजून दिलेलं असतं. मी पडलो शेतकऱ्याच्या घरचा, तिथेच घोडं पेंड खातं.

मे महिन्यात भर दुपारी रस्त्याच्या कडेला एक भेग सापडली. हात खांद्यापर्यंत आत गेला तरी तळ लागेना. आतून गार वारा येत होता. ऐन मेमध्ये गार! अंगावर काटाच आला. नियमाने तिथली माती उकरायची, चुना मिसळायचा आणि मग भरायची. पण ओलित करताना बाप नेहमी सांगायचा, भेग मिटेस्तोवर पाणी सोड. मी टँकरवाल्याला तेच म्हटलं, "चुन्याचं पाणी सोड हिच्यात. मिटेस्तोवर."

भेग पीत राहिली. घटाघटा आवाज यायचा, थांबायचा, मग फार खालून पुन्हा यायचा. एक टँकर संपला, दुसरा लावला. टँकरवाला मागे सरकला. "भाऊ, हे काही बरोबर नाही वाटून राह्यलं मले. एवढं पानी चाल्लं कुठी?"

मी त्याच्यावरच खेकसलो, "तुले काय करायचं आहे? सोड चुपचाप!"

तिसऱ्या टँकरला भेग भरली आणि मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वावरं पलीकडच्या एका माळी म्हातारीच्या मळ्यातून आरडाओरड ऐकू आली. तो सगळा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी तोंडात धरवत नाही. गोड पाणी त्या एका विहिरीला, आणि तिच्यावरच म्हातारीची वांगी, पालक, झेंडू. मी काठावरून वाकून पाहिलं. पाणी पांढरंफटक, ताकासारखं. बेडूक पोट वर करून तरंगत होते. एरवी कडेच्या कपारींत पारव्यांची घुमघुम चालते, तिथे एक पाखरू नव्हतं. मला सगळं तिथल्या तिथे कळलं. पण मी काठावरून मागे सरकलो.

म्हातारी काठावर हळदकुंकू वाहत होती. "आसरा कोपल्या बाप्पा!" आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. "या सुनेनं विटाळात पानी शेंदलं. हिच्याच पायी झालं."

सून बाजूला उभी होती. रडत नव्हती. "म्या शिवली नाही विहीर," एवढंच म्हणाली. दुपारी माझ्यादेखत तिचं बोचकं बांधलं आणि तिला बार्शीटाकळीला, माहेरी धाडून दिलं.

तीन दिवस मोटर लावून विहीर उपसली. दरवेळी तळातून पाणी पुन्हा पांढरंच झिरपायचं. इकडे मी त्या भेगेच्या जागेवर उभा राहिलो की पायाखालून घटाघटा ऐकू यायचं. टँकरवाल्याला विचारलं, तो म्हणे काहीच ऐकू येत नाही. भ्यालो का? हो, भ्यालो, पण आसरांना नाही, नोकरी जाईल म्हणून. थू माझ्या जिंदगानीवर!

चौथ्या दिवशी म्हातारी आसरांसाठी हिरव्या बांगड्या घेऊन विहिरीवर आली. मला म्हणाली, "भाऊ, तुमी बी हात जोडा."

हात जोडवेनात. "मावशी, आसरांचं नाही हे. म्या केलं. तो चुना माह्या टँकरचा आहे."

तिने बांगड्या पदरात बांधल्या. "मले काहून सांगतं? चाल, तिले सांग."

म्हातारीला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि बार्शीटाकळी गाठली. सून अंगणात धान्य पाखडत होती. तिच्या आईसमोर मी सगळं सांगितलं: भेग, तीन टँकर, आणि पहिल्याच सकाळी मला कळलं होतं तेही. म्हातारीने सुनेचा हात धरला. "चुकलं माह्यं, बाई. चाल घरी."

सुनेने हात सोडवून घेतला नाही. पण बघत माझ्याकडे होती.

"भाऊ, मले हाकललं तवा तुमी तिथीच उभे होते ना?"