आबांचा चौथा कॅनॉल

माझ्या मेहुण्यांइतकं माणसाला आतून ओळखणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही; बाहेरून मात्र ते कोणालाच ओळखत नसत. दौंडच्या बाजारात कोणी नमस्कार केला की गोंधळून उभे राहत. समोरचा मोकळं हसला, की त्यांचा चेहरा उजळे. "हां, पाटसचे तुम्ही! खालची दाढ, आकड्यासारखं वळलेलं मूळ."

ते दातांचे डॉक्टर. काढलेली दाढ त्यांच्याने फेकवत नसे. ती धुऊन, चारी बाजूंनी तिचे एक्स-रे काढायचे आणि मुळाच्या आतल्या, शिरेच्या बारीक वाटा वहीत उतरवायच्या, मग ती दाढ हाताला येईल त्या बरणीत ठेवायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा उद्योग. पुस्तकातल्या आकृत्यांशी आपल्याकडच्या दाढा जुळत नाहीत, असा त्यांचा संशय होता. बोटाच्या पेराएवढ्या त्या फिल्मा माझ्या बहिणीच्या, अक्काच्या, स्वयंपाकघरातल्या दोरीवर वाळत. एकदा जेवताना मी लोणचं मागितलं. अक्काने बरणी उघडली, आत पाहिलं, आणि शांतपणे झाकण लावत म्हणाली, "हे नको. हे यवतचं आहे."

मुळातल्या त्या वाटांना मेहुणे कॅनॉल म्हणत. पाऊस हुलकावणी देत होता त्या वर्षी मांडवगण फराट्याचे एक आबा दुखरी दाढ घेऊन आले. मी बाकावर वाचत बसलो होतो. एक्स-रे उजेडात धरून मेहुणे म्हणाले, "आबा, तुमच्याकडे तीन कॅनॉल दिसताहेत. चौथाही असावा."

आबा खुर्चीत ताठ झाले. "तीन? आवो, आमच्या वस्तीला एक न्हाई अजून! कुठल्या सायबानं लिवलंय?"

खुलासा झाल्यावर त्यांनी फार निराशेने तोंड उघडलं. तीन कॅनॉल साफ झाले, पण ठणका थांबेना. तिसऱ्या खेपेला आबा म्हणाले, "उपटा आता. चार दिस झालं, घास गिळवंना."

दाढ हाती आली असती तर चौथ्या कॅनॉलचा निकाल तिथेच लागला असता. मेहुणे खुशीने चिमटा उचलतील, असं मला वाटलं. त्यांनी चिमटा उचललाही, थोडा वेळ हातात धरला आणि खाली ठेवला. "चांगली दाढ आहे हो. अजून एक फोटो काढू." या वेळी त्यांनी यंत्राची नळी तिरकी धरली. मागच्या मुळात एकामागे एक लपलेल्या दोन वाटा वेगळ्या दिसल्या. मग केसासारख्या सुयांनी दुपारभर काम चाललं. आबांची एसटी चुकली. अक्काने त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी वाढली.

निघताना मेहुणे संकोचून म्हणाले, "आबा, पुढेमागे ही दाढ पडली तर मला आणून द्याल?"

"पडंल तवा देतो की. पर तवर तुम्ही टिका म्हंजी झालं."

यावर सगळ्यांत जास्त मेहुणेच हसले होते.

गेल्या थंडीत ते गेले. तेराव्यानंतर आबा आले. अक्कासमोर टोपी हातात घेऊन बसले. मग तोंड उघडून त्यांनी त्या दाढेवर बोट ठेवलं.

"हलत बी न्हाई, ताई. आता द्यायची कुणाला?"

अक्काने उठून त्यांना भाकरी वाढली, या वेळी न कुस्करता.